तीस दिवस, त्यानंतर गय नाही

चार पानांचा एक करार माझ्यापुढे टेबलावर आहे. खाली सही आहे ती अमेरिकेच्या सैन्यात सहा वर्षं काढून आलेल्या एका मराठी मुलीची. कंपनी तिचा अपंगत्वाचा दावा ‘तयार करून’ देणार आणि दावा मंजूर झाला की दरमहा जी भरपाई सुरू होईल तिच्या पाचपट रक्कम तिने कंपनीला द्यायची, असं त्यात लिहिलं आहे. दावा आहे पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराचा. सैन्यात असताना वरिष्ठाने केलेल्या लैंगिक अत्याचारातून तो जडला. सत्तर टक्के अपंगत्व मान्य झालं तर एकट्या व्यक्तीला २०२५ च्या दराने महिना १,७५९ डॉलर मिळतात. त्याच्या पाचपट म्हणजे ८,८०० डॉलरला चारच कमी. हेच काम मान्यताप्राप्त माजी सैनिक संघटना एक पैसाही न घेता करतात, आणि पहिल्या दाव्यासाठी पैसे घ्यायला केंद्रीय कायद्याची कुणालाच परवानगी नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं असं आपण म्हणतो. इथे तर माणूस जिवंत आहे.

म्हणून जाहीर सांगते. आपल्या समाजातल्या माजी सैनिकांकडून, मग ती बाई असो की पुरुष, अशा दाव्यासाठी ज्यांनी पैसे घेतले आहेत त्यांनी हा मजकूर छापून आल्यापासून ३० दिवसांच्या आत ते परत करावेत आणि करार रद्द केल्याचं लेखी द्यावं. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. ते तक्रारीत असेल.

मी निवृत्त आहे. शनिवारी सकाळी एका सार्वजनिक वाचनालयाच्या खोलीत बसून माजी सैनिकांच्या फायली लावून देते. दावा मी भरत नाही, तो अधिकार मला नाही. कागद तारखेप्रमाणे लावायचे, काय कमी आहे ते सांगायचं आणि मान्यताप्राप्त प्रतिनिधीच्या दारापर्यंत सोबत जायचं, एवढंच माझं काम. ही मुलगी आली तेव्हा तिच्या हातात हा करार होता आणि शिवाय एक नकाराचं पत्र. कंपनीने घाईघाईत भरलेला दावा माजी सैनिक खात्याने, म्हणजे व्हीएने, फेटाळला होता. कारण एका ओळीत होतं: सेवाकाळातल्या कागदपत्रांत अशा घटनेची नोंद आढळत नाही.

ती ओळ मी त्या दिवशी तीनदा वाचली. नोंद कशी आढळेल? ज्याच्याकडे तक्रार न्यायची तोच गुन्हेगाराचा मित्र असतो. पुष्कळदा तर तोच गुन्हेगार असतो. पेंटागॉनच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात सुमारे २९,००० सैनिकांना नको असलेला लैंगिक संपर्क सोसावा लागला, आणि तक्रार झाली ती चारातल्या एकाची. उरलेल्या तिघांच्या फायली कोऱ्याच राहणार. सैन्यात असताना लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला का, हा प्रश्न व्हीएच्या दवाखान्यांत प्रत्येक माजी सैनिकाला विचारतात. तिथे तीन स्त्रियांतली एक आणि पन्नास पुरुषांतला एक ‘हो’ म्हणतो. सैन्यात पुरुष कितीतरी जास्त, त्यामुळे ‘हो’ म्हणणाऱ्या पुरुषांचा आकडाही लहान नाही. हे फक्त बायकांचं दुखणं आहे असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. माझ्याकडे आलेल्या पुरुषांपैकी एकाने ती गोष्ट बायकोलाही तेवीस वर्षं सांगितली नव्हती.

नोंद नाही म्हणजे घटना नाही, हा तर्क कायद्याला मान्य नाही. कधीचाच नाही. केंद्रीय नियम ३८ सीएफआर ३.३०४(एफ)(५) स्पष्ट सांगतो की वैयक्तिक अत्याचारातून आलेल्या पीटीएसडीच्या दाव्यात सैनिकी कागदांच्या बाहेरचा पुरावा ग्राह्य आहे. पोलीस, दवाखाना, समुपदेशक यांच्या नोंदी चालतात, गर्भचाचणी किंवा गुप्तरोगाची तपासणी चालते, घरचे, खोलीतले सोबती, सहकारी सैनिक, धर्मगुरू यांचे जबाब चालतात. शिवाय वागण्यातला बदलही पुरावा ठरतो: अचानक मागितलेली बदली, कामाचा घसरलेला दर्जा, दारू, कारण न कळणारी भीती, पैशांचा उधळा खर्च. व्हीएच्या भाषेत या खुणांना ‘मार्कर’ म्हणतात. असा पुरावा देता येतो हे अर्जदाराला आधी कळवल्याशिवाय आणि तो आणायला संधी दिल्याशिवाय दावा नाकारता येत नाही, हेही त्याच नियमात आहे. २०१३ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने ‘एझेड विरुद्ध शिन्सेकी’ या निकालात शेवटचा खिळा ठोकला: सैनिकी नोंदीत तक्रार नसणं हा अत्याचार झालाच नाही याचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. आणि दोन्ही बाजूंचा पुरावा समसमान असेल तर कौल सैनिकाच्या बाजूने द्यायचा, हे तर व्हीएच्या मूळ कायद्यातच आहे.

मग ते नकाराचं पत्र कुठल्या कायद्याने निघालं?

हा एका कारकुनाचा हलगर्जीपणा नव्हे. व्हीएच्याच इन्स्पेक्टर जनरलचा ऑगस्ट २०१८ चा अहवाल काढून वाचा. वर्षाला असे सुमारे १२,००० दावे येत होते. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०१७ या सहा महिन्यांत नाकारलेल्या सुमारे २,७०० दाव्यांपैकी अंदाजे १,३०० दावे, म्हणजे जवळजवळ निम्मे, नीट हाताळलेच गेले नव्हते. खुणा फाइलमध्ये होत्या, तरी वैद्यकीय तपासणी मागवली नव्हती. असे सगळे नकार पुन्हा तपासा, अशी शिफारस झाली. प्रशिक्षण झालं, परिपत्रकं निघाली. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्याच कार्यालयाने पुन्हा तपासणी केली तेव्हा चुकीने हाताळलेल्या नकारांचं प्रमाण ५७ टक्के होतं. सुधारणेच्या नावाखाली आजार वाढला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण इथे हताशपणे म्हणतो. पण इथे थांबणाऱ्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे. रात्री दिवा लावून, दाराकडे तोंड करून, खुर्चीत बसल्याबसल्या झोपतात ही माणसं.

व्हीएच्या निर्णय अधिकाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. ज्या पत्रात ‘नोंद आढळत नाही’ एवढंच कारण असेल आणि खुणांचा विचार केल्याचा एक शब्दही नसेल, ते पत्र अंतिम समजू नका. २०१९ पासून नकारानंतर तीन वाटा खुल्या आहेत: नव्या पुराव्यासह सप्लिमेंटल क्लेम, वरच्या अधिकाऱ्याकडून हायर-लेव्हल रिव्ह्यू, आणि बोर्डाकडे अपील. वर्षाच्या आत गेलं तर मूळ तारीखही टिकते. आमच्या माहितीतलं असं प्रत्येक पत्र आम्ही संबंधित सैनिकाच्या संमतीने मान्यताप्राप्त प्रतिनिधीमार्फत यांपैकी एका वाटेने परत आणू. त्याची एक प्रत त्याच्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात आणि दुसरी इन्स्पेक्टर जनरलकडे जाईल. एकही फाइल सोडणार नाही.

आता त्या मुलीच्या फाइलबद्दल, कारण खुणा म्हणजे काय हे नियमाच्या भाषेतून कळत नाही. (तिची ओळख पटेल असा तपशील इथे नाही, आणि जे लिहिलं आहे ते तिने वाचून होकार दिल्यावरच.) ती म्हणाली, “काकू, माझ्याकडे काहीच नाही. मी सैन्यात कुणाला सांगितलंच नव्हतं.” आम्ही तिच्या सैनिकी नोंदी आणि आरोग्याच्या नोंदी मागवल्या, तारखेप्रमाणे लावल्या. त्या रात्रीनंतर पाच आठवड्यांनी बदलीचा अर्ज. तो नाकारल्यावर दुसरा. त्याच महिन्यात आरोग्य केंद्रात गर्भचाचणी, कारणाच्या रकान्यात काहीही नाही. त्याआधीच्या दोन मूल्यमापनांत उत्तम शेरे, पुढच्यात ‘वृत्तीत बदल हवा’. धावण्यात पहिली येणारी मुलगी फिटनेस चाचणीत नापास. आणि सगळ्यात मोठी खूण कुठल्याच सरकारी कागदावर नव्हती. दर रविवारी देशात आजीला फोन करणारी ही मुलगी त्या महिन्यापासून फोन करेनाशी झाली. आजीने पोस्टाच्या कॅलेंडरवर रविवारी खुणा करून ठेवल्या होत्या, फोन आला की गोल, नाही आला की फुली. सलग अठरा फुल्या. आजीचा जबाब मराठीत घेतला, इंग्रजी भाषांतर जोडलं आणि कॅलेंडरच्या पानांचे फोटो लावले. आजीला फक्त एवढंच सांगायचं होतं की पोरगी त्या महिन्यापासून बदलली. काय झालं ते तिला आजही माहीत नाही, आणि जबाबासाठी ते माहीत असण्याची गरजही नव्हती.

पहिल्यांदा दावा भरणाऱ्या कंपनीने तिला आजीबद्दल विचारलं नव्हतं. बदलीबद्दलही नाही. त्यांनी तिच्याकडून विचारून घेतला तो फक्त बँकेचा तपशील.

आता जे सांगते ते स्वतः माजी सैनिकांसाठी आहे आणि ते कडक शब्दांतच सांगते, कारण मऊ शब्दांत सांगून वर्षं गेली आहेत. दावा करायला कालमर्यादा नाही. घटना १९८५ ची असली तरी आज दावा करता येतो. पण पैसे घटनेच्या तारखेपासून मिळत नाहीत, सामान्यपणे दाव्याच्या तारखेपासून मिळतात. म्हणजे गप्प राहून घालवलेला प्रत्येक महिना कायमचा गेला. म्हणून आधी तारीख अडवा. ‘इंटेंट टू फाइल’ नावाचा एक छोटा फॉर्म आहे, क्रमांक २१-०९६६. त्यात घडलेल्या प्रकाराबद्दल एक अक्षरही लिहावं लागत नाही. तो दिला की तारीख धरली जाते आणि पूर्ण दावा भरायला एक वर्ष मिळतं. फोनवरूनही होतं. एका वर्षात रडायचं तेवढं रडा, समुपदेशकाकडे जा, कागद गोळा करा. पण तारीख आज अडवा.

पूर्ण दावा २१-५२६ईझेड या फॉर्मवर, आणि घटनेचा तपशील २१-०७८१ वर. वैयक्तिक अत्याचारासाठी पूर्वी २१-०७८१ए असा वेगळा फॉर्म होता, २०२४ मध्ये दोन्ही एकत्र झाले. जुना फॉर्म कुणी हातात दिला तर समजा की त्या माणसाला चालू नियम माहीत नाहीत. साक्षीदारांचे जबाब २१-१०२१० वर. सेवेत असताना गोपनीय का होईना, तक्रार केली असेल तर डीडी २९१० हा फॉर्म तेव्हा भरला गेला असण्याची शक्यता आहे. तो मागवा. मान्यताप्राप्त प्रतिनिधी निवडताना नाव व्हीएच्या जनरल कौन्सेलच्या यादीत आहे का ते स्वतः तपासा. मान्यता असलेला वकीलसुद्धा पहिला निर्णय येण्याआधी फी घेऊ शकत नाही. त्याआधी पैसे मागणारा माणूस कितीही गोड बोलला, मराठीत बोलला, आपल्या गणेशोत्सवाला देणगी देणारा असला, तरी उठून बाहेर या.

मग येते ती व्हीएची वैद्यकीय तपासणी. तिथे आपली माणसं हरतात. डॉक्टर विचारतो, कसं चाललंय, आणि लहानपणापासून अंगात मुरलेलं उत्तर तोंडून निघतं: ठीक आहे. आल्यागेल्यासमोर दुखणं काढायचं नाही, असंच आपल्याला वाढवलंय. ते ‘ठीक आहे’ डॉक्टर तसंच्या तसं लिहितो आणि टक्के तिथेच घसरतात. या दाव्यात टक्के शून्य, दहा, तीस, पन्नास, सत्तर, शंभर असे जातात आणि ते ठरतात नोकरी, घर, माणसं यांत तुम्हाला किती अडथळा येतो त्यावर. दहा टक्क्यांना २०२५ मध्ये महिना १७५ डॉलर, शंभराला ३,८३१. बरा दिवस सांगू नका. सगळ्यात वाईट आठवडा सांगा: किती दिवस आंघोळ केली नाही, कितव्यांदा नोकरी सोडली, मुलाने मागून हाक मारली तेव्हा त्याच्यावर हात कसा उगारला गेला. तपासणारी व्यक्ती स्त्री हवी की पुरुष, हे मागता येतं. मागा. आणि तपासणी चुकवू नका. चुकली की हातात असलेल्या कागदांवरच निर्णय होतो. तसंच, जे घडलं नाही ते एक वाक्यही जोडू नका. खोटा दावा हा गुन्हा आहे, आणि एक खोटा सापडला की पुढच्या शंभर खऱ्यांकडे संशयाने पाहतात.

दावा मंजूर होवो न होवो, उपचार थांबवू नका. लष्करी लैंगिक अत्याचाराशी (व्हीएच्या भाषेत ‘एमएसटी’) संबंधित उपचार व्हीएमध्ये मोफत आहेत. त्याला दाव्याचा निकाल लागत नाही, सेवेत तक्रार केल्याचा कागद लागत नाही. प्रत्येक व्हीए रुग्णालयात यासाठी एक समन्वयक असतो. ‘एमएसटी कोऑर्डिनेटर’ एवढे दोन शब्द दारात म्हटले तरी पुरे. सैन्यातून काढताना ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असा शेरा मारून ज्यांना बाहेर फेकलं, त्यांच्यावर तर चोर सोडून संन्याशाला फाशी असा प्रकार झाला. त्या शेऱ्याविरुद्धही दाद मागता येते. २०१४ आणि २०१७ मध्ये संरक्षण खात्याने काढलेल्या सूचनांप्रमाणे अशा प्रकरणांचा उदारपणे विचार करणं अशी दाद ऐकणाऱ्या लष्करी मंडळांवर बंधनकारक आहे.

कुणी विचारेल, खटला का भरत नाहीत? सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर नुकसानभरपाईचा खटला भरता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये ‘फेरेस’ प्रकरणात ठरवून ठेवलं आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. यांना तर ती पायरीच ठेवलेली नाही. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी म्हणून व्यवस्था बदलायलाही एका विशीतल्या मुलीचा जीव जावा लागला. व्हेनेसा गियेन या सैनिकाचा २२ एप्रिल २०२० रोजी टेक्ससमधल्या फोर्ट हूड तळावर खून झाला. आपला लैंगिक छळ होतो आहे हे तिने घरी सांगितलं होतं. तिच्या घरच्यांनी रस्त्यावर उतरून कायदा बदलायला लावला, आणि २८ डिसेंबर २०२३ पासून असे गुन्हे चालवायचे की नाही हा निर्णय तुकडीच्या अधिकाऱ्याच्या हातून निघून स्वतंत्र अभियोक्त्यांकडे गेला. त्याआधीच्या हजारो जणांकडे उरतो तो हा दावा.

आणि आता घरच्यांना. हे लिहिताना हात जड होतो, पण सोडणार नाही. त्या मुलीने सगळ्यात आधी आईला सांगितलं होतं. आई म्हणाली होती, झालं ते झालं, आता लग्नाचं बघायचंय, कुठे बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत तिची नऊ वर्षं गुदमरली. आईवडिलांनो, काका-मावश्यांनो, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनो, तुम्ही गणवेशातल्या लेकरांचे फोटो मोठ्या अभिमानाने दिवाळीच्या कार्यक्रमात पडद्यावर दाखवता. तेच लेकरू परत येऊन काही सांगायला लागलं की विषय बदलता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आधी तिकडे बसला, आता घरात बसतो. यापुढे हे चालणार नाही. तुमच्या मुलीने किंवा मुलाने सांगितलं तर ती तारीख लिहून ठेवा. त्याच्या शब्दांत, जसंच्या तसं. तो कागद म्हणजे पुरावा आहे, आणि जो जाणूनबुजून तो फाडेल तो त्या गुन्हेगाराचंच काम पुढे नेईल. एखाद्या मंडळात पीडितालाच ‘बदनामी नको’ म्हणून गप्प बसवलं गेलं आणि ते आमच्या कानावर आलं, तर आम्ही त्या मंडळाच्या सभेत उभं राहून विचारू.

पुन्हा त्या कराराकडे येते. २००६ मध्ये कायद्यातून फौजदारी शिक्षेचं कलम निघालं, त्या फटीतून या कंपन्या वाढल्या. पण फट कायमची राहत नाही. आपली माणसं जिथे दाटीने राहतात त्या न्यू जर्सीने २०२३ मध्ये राज्याचा वेगळा कायदा करून मान्यता नसलेल्यांच्या या वसुलीवर बंदी आणली. कंपन्यांनी ‘आम्ही फक्त सल्ला देतो’ असं कितीही म्हटलं तरी करारात काय लिहिलंय ते आम्ही वाचलं आहे. माझ्याकडे असे तीन करार आहेत, बँकेच्या उताऱ्यांसह, सैनिकांच्या लेखी संमतीसह. दावा अजून न ठरलेल्या एकीला त्यांच्या वसुलीवाल्यांचे फोन आठवड्यातून चार वेळा येतात. त्या फोनच्या तारखा आणि वेळाही लिहून ठेवल्या आहेत. आज रात्रीपासून ते फोन बंद व्हावेत.

जिवावर बेतलं असेल तर फॉर्म, तारीख, टक्के सगळं बाजूला ठेवा आणि ९८८ लावून १ दाबा. तिथे रात्रंदिवस माणूस बोलतो.

पैसे परत करण्याची मुदत ३० दिवसांची आहे. एकतिसाव्या दिवशी सकाळी तिन्ही करार व्हीएच्या जनरल कौन्सेलकडे, फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे जातील. लिफाफ्यांवर पत्ते घालून झाले आहेत.